मार्नर गेला ते बरंच झालं, पण त्याच्या जागी आलं कोण?

निळा_स्वेटर
टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी (एनएचएल) संघाचा २०२५चा उन्हाळा. स्टार विंगर (बाजूने खेळणारा आक्रमक) मिच मार्नर वेगास संघाकडे गेला: आठ वर्षं, वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर. करार संपून तो फुकट जाण्याऐवजी आधी करार करून मग पाठवला, म्हणून निदान निकोलस रॉय तरी हाती लागला. जॉन टावरेस चार वर्षं राहिला, वर्षाला साधारण ४४ लाखांत. आधी हाच गडी १ कोटी १० लाख घेत होता! मॅथ्यू नाइजला सहा वर्षं, ७७.५ लाख. शिवाय युटाचा मॅचेली आणि व्हँकुव्हरचा जोशुआ, दोघंही नुसत्या ड्राफ्ट पिकांवर (नव्या पोरांच्या निवडीतले हक्क देऊन).

माझ्या मते मार्नर जायलाच हवा होता. प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेरीत) फ्लोरिडाविरुद्ध २-० आघाडी घेऊन मालिका घालवली, आणि घरच्या बर्फावर पाचवा आणि सातवा, दोन्ही सामने ६-१ने हरलो. तीच चार माणसं (मॅथ्यूज, मार्नर, नीलँडर, टावरेस) घेऊन दरवर्षी तोच शेवट किती वेळा बघायचा? १९६७नंतर स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) नाही हे वेगळं सांगायला नको. पण वाचलेल्या पैशात पहिल्या फळीचा विंगर आला नाही, ही माझी खरी तक्रार.

चौथी_फळी
साफ असहमत. एका मोसमात १०२ गुण (गोल आणि गोलाचे पास मिळून) करणारा खेळाडू देऊन तिसऱ्या फळीचा सेंटर (मधला आक्रमक) रॉय घेतला, याला 'बरं झालं' म्हणतोस? पॉवरप्लेला (समोर एक माणूस कमी असताना) तोच, पेनल्टी किलला (आपला एक कमी असताना) तोच. प्लेऑफमध्ये ७० सामन्यांत ६३ गुण आहेत त्याचे. पळपुट्या म्हणायची फॅशन झालीय नुसती.

निळा_स्वेटर
त्या ६३ मध्ये गोल किती? १३. बाकी सगळे पास. पळपुटा मी म्हटलेलं नाही, तुम्हीच म्हणताय.

गोलीची_काठी
तुम्ही दोघंही चुकीच्या उन्हाळ्यावर भांडताय. १ जुलै २०२३ला मार्नरचं नो-मूव्ह कलम (त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे पाठवता येत नाही) लागू झालं. त्याच्या आधी त्याला विकला असता तर दोन-तीन चांगले खेळाडू आले असते. पण जनरल मॅनेजर डुबास मे महिन्यात गेला आणि त्याच्या जागी ट्रेलिव्हिंग आला महिनाअखेरीस. नवा माणूस महिन्याभरात एवढा मोठा सौदा करतो होय? त्यानंतर दोर मार्नरच्याच हातात होते. त्यामानाने रॉय मिळाला हे नशीबच. २०२३चा कप जिंकलेला, अंगापिंडाने दणकट, फेसऑफला (खेळ सुरू करताना पक मिळवायला) भरवशाचा. प्रशिक्षक बेरुबेला असलीच माणसं लागतात.

चौथी_फळी
बेरुबेला लागतात हो, पण आपला मुख्य गोल मारणारा ऑस्टन मॅथ्यूज, त्याला काय लागतं? २०२३-२४ला ६९ गोल, २०२४-२५ला ३३. आणि हे मार्नर संघात असताना.

गोलीची_काठी
दुखापत होती त्याला. हा आकडा मार्नरच्या खात्यात टाकू नका, ना जमेला ना खर्चाला.

निळा_स्वेटर
हे मान्य. टावरेसबद्दल कुणीच बोलत नाही, मला तोच सौदा सगळ्यात आवडला. ३८ गोल मारलेला माणूस या भावात कुठे मिळतो?

चौथी_फळी
आज स्वस्त आहे. सप्टेंबर २०२५ला पस्तिशी गाठेल, करार संपताना अडतिशी उलटलेली असेल. तेव्हा सेंटरला त्याचे पाय चालतील का? नाइजच्या कराराबद्दल मात्र तक्रार नाही, पोरगा गोलसमोर उभा राहून मार खातो.

असो. मॅथ्यूजच्या एका बाजूला नाइज. दुसऱ्या बाजूला कोण? एक नाव सांग.

निळा_स्वेटर
मॅचेली? ॲरिझोनात एका मोसमात ५७ गुण केलेत त्याने.

चौथी_फळी
आणि २०२४-२५ला ५५ सामन्यांत १८. दुसरं नाव?

निळा_स्वेटर
...आपलाच मॅक्स डोमी?

गोलीची_काठी
मी चाललो झोपायला.