मदत हवी आहे: लँड रोव्हर सिरीज टू-ए, पुढच्या शॅकलचे बोल्ट जाम, निघता निघत नाहीत

नमस्कार मंडळी,

सिरीज टू-ए पूर्ण उघडली आहे. बॉडी, इंजिन, गिअरबॉक्स सगळं उतरलं. पुढचा अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) मात्र अजून चेसिसलाच लटकून आहेत, कारण दोन्ही बाजूंच्या शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या जोडीचे) वरचे बोल्ट हलायचं नाव घेत नाहीत. चेसिस ब्लास्टिंगला (माऱ्याने गंज-रंग उडवायला) द्यायची आहे, त्याआधी ती मोकळी व्हायला हवी.

नट निघाले. बोल्टच्या डोक्याला सहाकोनी सॉकेट लावून, पान्याला लांब पाइप घालून जोर दिला की बोल्ट थोडा फिरतो आणि हात सैल केला की परत जागेवर येतो. म्हणजे बुशाच्या (दोन नळ्या आणि त्यांच्यामध्ये रबर) आतल्या लोखंडी नळीला तो गंजाने धरून बसलाय आणि पीळ पडतोय तो नुसता रबराला. नटाच्या बाजूने घणाचे ठोके दिले, केसभरही सरकला नाही. गंज सोडवणारं तेल रोज मारतोय, पण ते नळीच्या आत पोचतंय असं वाटत नाही.

गॅसचा टॉर्च लावून तापवायचा मोह होतोय. पण चेसिस पेटीसारखी बंद आहे, आत वर्षानुवर्षांचं तेल आणि मेण साचलंय. शिवाय बोल्ट निघाला तरी बुशाची बाहेरची नळी चेसिसच्या भोकात गंजून एकजीव झालेली दिसतेय. ती भोक न खरवडता कशी काढायची? हे काम ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

घण बाजूला ठेवा. या गाडीत शॅकलच्या दोन पट्ट्यांपैकी एक साधी असते आणि दुसरीला आटे असतात. बोल्ट त्या पट्टीत पिळून बसवलेला असतो, नट फक्त वरून लॉक करायला. तुम्ही ठोकत होता ते आट्यांवर, सरकणार कसा?

आणि नळीला गंजलेला बोल्ट शाबूत काढायचा हट्टच सोडा, तो कापायचाच असतो. अ‍ॅक्सलखाली जॅक देऊन पाट्याचा ताण आधी काढून घ्या, नाहीतर कापल्याक्षणी पाटा उसळतो. मग पट्टी आणि बुश यांच्यातल्या फटीत रेसिप्रोकेटिंग सॉचं (मागेपुढे चालणाऱ्या विजेच्या करवतीचं) पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट नळीसकट कापा. पात्यावर तेल सोडत राहा, वेग कमी ठेवा.

राहिला बुश. रबराला गोलाकार भोकं पाडत गेलात की मधला तुकडा ढकलून निघतो. जाळू नका, धूर विषारी असतो, आणि तुमची आगीची शंका रास्त आहे. आता हॅकसॉचं पातं भोकातून ओवून मग हॅकसॉच्या फ्रेमला लावा आणि बाहेरची नळी आतून उभी चिरत न्या. ती पातळ असते. चिरेत गंजाची तपकिरी रेघ दिसली की थांबा, त्यापलीकडे चेसिस सुरू होते. मग बारीक छिन्नीने एक कड आत वळवली की नळी आवळते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बाहेर येते. कंटाळवाणं काम आहे, पण घाई केली की भोकात खाच पडते.

दुसरा प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. खालच्या बोल्टवर टॉर्च लावणार असाल, तर आधी ब्रेक क्लीनरने धुऊ नका. क्लोरीनवाला क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. गंज सोडवायला वापरतात ते एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोनचं मिश्रणही टॉर्चजवळ नको, भडका उडेल.

धागाकर्ता:

डावी बाजू सुटली! आतली पट्टी खरंच आट्यांची निघाली. नळी चिरायला वेळ लागला, पण भोक साफ आहे. पट्ट्यांचे आटे ठीक दिसतायत, पुन्हा वापरू का? आणि नवीन बुश ठोकून बसवायचा का?

पहिला प्रतिसादकर्ता:

पट्ट्या नव्याच घ्या, बोल्टही. बुश ठोकू नका. आटे असलेली सळई, दोन नट आणि योग्य मापाचं सॉकेट घेऊन ओढून बसवा, दाब फक्त बाहेरच्या नळीवर येऊ द्या. भोकात आधी अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारा लेप) लावा. बोल्ट मात्र आत्ता हातानेच आवळून ठेवा. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी राहून पूर्ण वजन आल्यावर, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं.