ऑइल नक्की कोण पितंय?

गोखले (सी-५०३): नमस्कार. दिलीपला गाडी चालवायला बोलावणाऱ्या सर्वांसाठी. गेल्या सर्व्हिसिंगनंतर माझ्या गाडीचं ऑइल डिपस्टिकवरच्या (तेल मोजायच्या काडीवरच्या) मिनच्या, म्हणजे किमान पातळीच्या खुणेखाली गेलंय. मी स्वतः चालवायचो तेव्हा दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये थेंबभरही घालावं लागत नव्हतं. हा मुलगा गाडी किंचाळेपर्यंत गिअर बदलत नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्याला ठेवलाय, म्हणून इथे लिहितोय. कोणावर राग नाही.

नीता (ए-१०२): शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं काका 😄

साळवी (बी-२०१): पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचे डाग पडलेत. आई काल घसरता घसरता वाचली. ज्यांची गाडी असेल त्यांनी पुसून घ्यावेत.

प्रसाद (ए-४०४): काका, मिनच्या खाली असेल तर आधी ऑइल भरा. तोवर दिलीपने काय आणि तुम्ही काय, कोणीच गाडी हलवू नका. डॅशबोर्डवरचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबाचा असतो, पातळीचा नाही. तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

गोखले (सी-५०३): ते मला माहीत आहे. प्रश्न चालवण्याचा आहे.

प्रसाद (ए-४०४): चालवण्याने फरक पडतोच. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढले की क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीतलं ऑइल जास्त उडतं, सिलिंडरच्या भिंतीवर जास्त राहतं आणि पिस्टनवरच्या रिंगांना सगळं खरवडून खाली आणायला जमत नाही. जे उरतं ते जळतं. पण चांगल्या इंजिनात हा फरक थोडा असतो. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबर) आधीच थकले असतील तर तोच फरक डोळ्यांत भरतो.

भिडे काका (बी-६०१): बरोबर. म्हणून गाडी कायम सावकाश हाकावी. मी आयुष्यभर दोन हजार आरपीएमच्या वर गेलो नाही.

नीता (ए-१०२): तरीच तुमच्यामागे गेटपर्यंत रांग लागते 🙈

प्रसाद (ए-४०४): काका, माफ करा, पण कायम सावकाशही बरं नाही. इंजिन पुरतं तापतच नाही, रिंगांच्या खाचांत काजळी धरते, रिंगा अडकतात आणि मग ऑइल जायला लागतं. नव्या गाडीला पहिल्या काही किलोमीटरमध्ये फारच जपलं तर रिंगा नीट बसतही नाहीत.

भिडे काका (बी-६०१): हे आजकालचं व्हिडिओवरचं ज्ञान. आम्ही वर्कशॉपमध्ये हात काळे केलेत.

साळवी (बी-२०१): पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचे डाग पडलेत. कोणी उत्तर देईल का?

फडके ताई (सी-३०२): दिलीपबद्दल मीही बोलू का? तोच माझी गाडी चालवतो, लांबच्या पल्ल्यालाही नेतो. परवाच डिपस्टिक बघितली, मॅक्सच्या जवळच आहे. हात तेच आहेत, गोखले.

गोखले (सी-५०३): तुमची गाडी नवी आहे.

फडके ताई (सी-३०२): मग दोष गाडीच्या वयाचा की दिलीपचा? एक काय ते ठरवा.

भिडे काका (बी-६०१): या मुद्द्यावर मी फडके ताईंच्या बाजूने.

प्रसाद (ए-४०४): गोखले काका, तुम्ही स्वतः गाडी कुठवर नेत होतात? शाखेत, भाजीला आणि परत, बरोबर? एवढ्यात इंजिन गरम होत नाही. न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये मिसळत राहतं. म्हणजे ऑइल कमी होत असतं आणि पेट्रोल त्याची जागा भरत असतं, काडीवर पातळी तिथल्या तिथे. दिलीपने दोन तास सलग गाडी पळवली की ते पेट्रोल-पाणी उडून जातं आणि खरी पातळी दिसते. नाव त्याचं होतं. पुढच्या वेळी काडीचा वास घेऊन बघा, पेट्रोलचा येतो का ते.

गोखले (सी-५०३): म्हणजे शेवटी चूक माझीच. छान.

प्रसाद (ए-४०४): तसं नाही हो काका. दिलीपलाही दोन गोष्टी सांगा. सकाळी चावी फिरवल्या फिरवल्या रेस द्यायची नाही. आणि फडके ताई, तुमच्या गाडीला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आहे, तर पळवून आणल्यावर लगेच बंद करू नका, अर्धा-एक मिनिट चालू ठेवा. नाहीतर टर्बोच्या बेअरिंगपाशी ऑइल करपतं.

गोखले (सी-५०३): तो उतारावरही गिअरमध्ये गाडी सोडतो. इंजिन कण्हत असतं.

भिडे काका (बी-६०१): तेच योग्य आहे! न्यूट्रलवर उतरवणारा ड्रायव्हर मी उभाही करणार नाही.

प्रसाद (ए-४०४): इथे भिडे काकांशी शंभर टक्के सहमत. फक्त पेट्रोल गाडीत पाय काढला की थ्रॉटल (हवेची झडप) मिटतो, इंजिनात ओढ तयार होते आणि सील जुने असतील तर ऑइल आत खेचलं जातं. उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबताना मागे निळा धूर आला तर सील, चढावर ताण देताना आला तर बहुधा रिंगा. धूर दिसला का कधी?

गोखले (सी-५०३): नाही. कधीच नाही.

साळवी (बी-२०१): पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचे डाग पडलेत. तिसऱ्यांदा लिहितोय. १४ नंबरच्या जागेत.

नीता (ए-१०२): १४ म्हणजे गोखले काकांचीच ना?

गोखले (सी-५०३): ते एसीचं पाणी आहे.

साळवी (बी-२०१): पाणी सुकतं साहेब. हे गणपतीच्या आधीपासून आहे. साबणाने घासलं तरी काळपट राहतंय.

फडके ताई (सी-३०२): 😶

प्रसाद (ए-४०४): काका, सर्व्हिसिंगला ड्रेन प्लगचं (ऑइल काढायच्या बुचाचं) वॉशर बदललं होतं का? फिल्टर नीट आवळलाय का? शिवाय १४ नंबर रॅम्पच्या उतारावर आहे, तिथे काडी चुकीचंच सांगणार. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा.

गोखले (सी-५०३): गॅरेजवाला माझ्या जुन्या ओळखीचा आहे.

नीता (ए-१०२): वॉशरची ओळख नसेल 😂

अ‍ॅडमिन: कृपया वैयक्तिक शेरे टाळावेत. 🙏

प्रसाद (ए-४०४): मॅक्सपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, रात्री खाली पुठ्ठा टाका. पुठ्ठा कोरडा राहिला आणि तरी पातळी उतरली तर इंजिन जाळतंय. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालतो म्हणतात, तुमच्या मॅन्युअलमध्ये आकडा बघा. आणि या काळात दिलीपलाच चालवू द्या, नाहीतर काहीच कळणार नाही.

गोखले (सी-५०३): ठीक. रविवारी खालून बघू. प्रसाद, तुझ्याकडे जॅक आहे ना?

भिडे काका (बी-६०१): नुसत्या जॅकवर कोणी खाली शिरू नये. स्टँड लावा. मी येतो.

प्रसाद (ए-४०४): जॅक होता काका. मे महिन्यात तुम्ही नेलात.