मान ताठ नाही म्हणून निर्धास्त राहू नका

एका ताईंनी विचारलंय, बाळ सात महिन्यांचं आहे, ताप आहे पण मान कडक नाही, म्हणजे मेंदूज्वर (मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळं येणारी सूज) नसेल ना? असं धरून चालू नका. वर्षाच्या आतल्या बाळात मान ताठ होणं पुष्कळदा दिसतच नाही. अंगावर न पिणं, उचललं की जास्तच किंचाळणं, सुस्त पडणं, झटका, टाळू फुगणं, हे बघा. आपल्याकडं आजी रोज टाळूला तेल भरतात, त्यांच्या बोटांना फरक लगेच कळतो. बाळ शांत असताना, उभं धरून टाळू बघा; रडताना ती तशीही वर येते. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्री १०८ ला फोन करा, नाहीतर थेट कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे सरकारी रुग्णालय गाठा.

दुसऱ्या एका दादांनी लिहिलंय, मेंदूज्वराच्या तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढलं की पोर लुळं पडतं. ही भीती जिल्ह्यात पार राधानगरी, गगनबावड्यापर्यंत ऐकू येते आणि तिच्यापायी उपचार अडतात, याचं मला फार वाईट वाटतं. मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली सुई घालतात. त्या पाण्यावरनं जंतू कुठला, अँटिबायोटिक कुठलं आणि किती दिवस, हे ठरतं. गंभीर बाळाला औषध आधी सुरू करतात, पाणी नंतर काढतात.

मेंदूज्वर करणाऱ्या काही जंतूंपासून लस वाचवते, म्हणून लसीचं कार्डही काढून बघा. पेंटाव्हॅलंट ६, १०, १४ आठवड्यांना. न्यूमोकोकलची लस ६ आणि १४ आठवड्यांना, बूस्टर ९ महिन्यांना. सरकारी केंद्रात दोन्ही फुकट. मेंदूज्वरानं ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून बरं झालेल्या बाळाची कानाची तपासणी मात्र डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या.