मदत हवी आहे: 'युद्धकैदी' नको, मग कोणता शब्द?

मंडळी, कुवेतच्या बेपत्ता लोकांवर लिहितेय आणि एका शब्दाशी अडकलेय. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं, फेब्रुवारी १९९१ मध्ये ते सुटलं. पण सुमारे ६०५ जण परतलेच नाहीत. बहुतेक साधे नागरिक. तरी जिकडेतिकडे 'युद्धकैदी'च लिहिलेलं दिसतं. घरातून उचलून नेलेला विद्यार्थी युद्धकैदी कसा? (मला तरी पटत नाही.) २००३ नंतर इराकमधल्या सामूहिक कबरींतून अवशेष निघाले, डीएनएवरून अनेकांची ओळख पटली. उरलेल्यांना 'मृत' लिहायला हात धजत नाही, म्हणून वहीत नुसतं प्रश्नचिन्ह. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात पकडलेल्या नागरिकांचा वेगळा विचार आहे. त्यांच्यासाठी मराठीत रुळलेला शब्द कुणाला माहीत आहे का? 'स्थानबद्ध नागरिक' चालेल, की फार सरकारी वाटतं?