कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजमार्गे द्राक्षविज्ञानाची पदवी घेणे आमच्यासारख्या कुटुंबाला परवडेल का?

द्राक्षवेल (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार. माझी मुलगी यंदा सांगलीत बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे. आमची तीन एकर द्राक्षबाग असून निम्मा माल बेदाण्याला जातो. खरड छाटणीपासून बेदाण्याच्या शेडपर्यंत सगळे पाहत वाढल्यामुळे तिला द्राक्षाचेच शास्त्र शिकायचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संकुलात द्राक्षशेतीची स्वतंत्र पदवी मिळते, हे तिने स्वतः शोधून काढले. मात्र तेथील चार वर्षांच्या खर्चाचा आकडा पाहून आम्ही तो विषय बंद केला होता.

गेल्या महिन्यात एका शैक्षणिक सल्लागाराने सांगितले की, पहिली दोन वर्षे तेथील कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात, काढावीत आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जावे, म्हणजे खर्च निम्म्यावर येतो. त्यासाठी बँकेत साधारण पंचवीस लाख रुपये दाखवावे लागतील, असेही ते म्हणाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि यजमान बाग पाहतात. पंचवीस लाख ही रक्कम आम्ही कर्ज काढून आणि काही वर्षांच्या बचतीतून कशीबशी उभी करू शकू. माझी शंका अशी की, हा आकडा संपूर्ण शिक्षणाचा आहे की केवळ सुरुवातीचा? आणि अशा मार्गाने मिळालेल्या पदवीला पुढे कोणी कमी लेखत नाही ना? ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, आपली शंका अगदी योग्य जागी आहे, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो. पंचवीस लाख हा फक्त पहिल्या वर्षाचा आकडा आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी महाविद्यालय आय-२० नावाचे जे प्रवेशपत्र देते त्यावर एका वर्षाचा अंदाजित खर्च छापलेला असतो आणि तेवढी रक्कम उपलब्ध असल्याचा पुरावा आधी मागितला जातो. अनेक पालक त्यालाच एकूण खर्च समजतात. माझा मुलगा याच मार्गाने गेला तेव्हा मीही तसेच समजलो होतो आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मला शाहूपुरीतील एक भूखंड घाईने, कमी भावात विकावा लागला. त्यामुळे आपण हिशेब चारही वर्षांचा करावा आणि तो आजच करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

या महाविद्यालयांविषयी आपल्याकडे गैरसमज आहेत. ती खासगी शिकवण्यांसारखी नाहीत. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आजही चालू आहे आणि एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ सार्वजनिक महाविद्यालये आहेत. तेथे साठ क्रेडिटांची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते किंवा तेवढी क्रेडिटे घेऊन विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाता येते. शेवटी हाती येणारे पदवीपत्र विद्यापीठाचेच असते. आपल्याकडे दहावीनंतर पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलाची पदवी कोणी वेगळी मानत नाही, तसेच हे आहे.

एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे पदविका पूर्ण झाली की सगळे विषय एकत्रितपणे मान्य होतात. तेथे एकेक विषय तपासला जातो. महाविद्यालयातील अमुक रसायनशास्त्र विद्यापीठातील तमुक रसायनशास्त्राच्या बरोबरीचे आहे की नाही, याचे करार झालेले असतात आणि कॅलिफोर्नियापुरते ते सर्व ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. माझ्या मुलाने एक विषय हा करार न पाहता निवडला, तो विद्यापीठाने त्याच्या शाखेसाठी मानला नाही आणि त्याचे एक सत्र वाढले. त्या सत्राच्या खर्चात साताऱ्यातील एखाद्या मुलाची पूर्ण पदवी झाली असती.

डेव्हिसविषयी सांगायचे तर, कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा संकुले कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात आणि त्यांत डेव्हिस आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यांत नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांनाही ही हमी घेता येते. मात्र तिच्यासाठी एकाच संकुलाकडे, प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात अर्ज करावा लागतो, ठरलेले विषय आणि गुणांची सरासरी राखावी लागते आणि शाखेनुसार अटी वेगळ्या असतात. म्हणजे ऑगस्टमध्ये तेथे पोहोचलेल्या मुलीला पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अर्ज भरायचा असतो. रुळायला वेळ मिळत नाही.

आता पैशांचे बोलतो. आपण वाचलेल्या लेखांत ही महाविद्यालये अतिशय स्वस्त असल्याचे लिहिलेले असते, ते कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी खरे आहे, कारण त्यांना एका क्रेडिटला ४६ डॉलर पडतात. आपल्या मुलांना तेथेच साधारण ३५० ते ४५० डॉलर मोजावे लागतात. वर्षाला तीस क्रेडिटे धरली तर शुल्क १२,००० डॉलरच्या आसपास जाते. राहणे, जेवण आणि सक्तीचा आरोग्यविमा धरून एकूण २८,००० डॉलर होतात. डॉलर ९० रुपयांना धरला तर हे सुमारे २५ लाख, म्हणजे दोन वर्षांचे ५० लाख. त्यानंतर डेव्हिसला परदेशी विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्कच ५०,००० डॉलरच्या वर आहे. राहण्यासह ७०,००० धरले तर शेवटच्या दोन वर्षांचे सव्वा कोटी रुपये होतात. एकूण पावणेदोन कोटी. चारही वर्षे डेव्हिसला काढली असती तर अडीच कोटी लागले असते, म्हणून पाऊण कोटीची बचत खरी आहे. पण आपल्या ऐपतीशी ताडून पाहायचे ते उरलेले पावणेदोन कोटी.

त्यापेक्षा आपल्या मुलीसाठी मला फ्रेस्नो अधिक योग्य वाटते. तेथील राज्य विद्यापीठ कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या, कमी शुल्काच्या विद्यापीठसमूहात मोडते, तेथेही द्राक्षशेतीची पदवी आहे आणि भोवतालचा सगळा मुलूख थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षाचा आणि बेदाण्याचा आहे. आपल्या भागातील तास-ए-गणेश ही जात थॉम्पसनमधूनच निवडलेली आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. फ्रेस्नो सिटी कॉलेज आणि रीडली कॉलेज ही कम्युनिटी कॉलेजे त्याच परिसरात आहेत आणि राहण्याचा खर्च समुद्रकाठच्या शहरांपेक्षा बराच कमी आहे. तेथील शेवटची दोन वर्षे माझ्या अंदाजाने ६५ लाखांत होतील, म्हणजे एकूण सव्वा कोटीच्या आत. हाही आकडा लहान नाही, हे मी जाणतो.

कोयनाकाठ (मूळ कराड, सध्या वॉशिंग्टन राज्य)

काकू, मी सिअ‍ॅटलजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकले आणि सध्या विद्यापीठात चौथ्या वर्षाला आहे. काकांनी पैशांचे सांगितले आहे, म्हणून मी रोजच्या आयुष्याबद्दल लिहिते.

बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना वसतिगृह नसते. मी पहिले वर्ष एका अमेरिकन कुटुंबात पैसे देऊन राहिले आणि नंतर तीन मुलींनी मिळून घर घेतले. शिक्षण मात्र उत्तम मिळाले. पहिल्या वर्षाचे गणित आम्ही पस्तीस जण शिकत होतो आणि प्राध्यापकांना प्रत्येकाचे नाव माहीत होते. त्याच विषयाला विद्यापीठात शेकडो मुले एका सभागृहात बसतात. माझे इंग्रजी बोलणे सुधारले ते या लहान वर्गांमुळे.

काम करून शिकता येईल, असे आपल्या मनात असेल तर त्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. माझे आजोबा रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकले होते आणि घरात ती गोष्ट ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे मीही त्याच विश्वासाने इकडे आले. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास आणि तेही महाविद्यालयाच्या आवारातच काम करता येते. अशा जागा थोड्या असतात आणि त्या पैशांतून किराणा आणि बसचा पास निघतो. शुल्क निघत नाही. आवाराबाहेर परवानगीशिवाय काम केले तर व्हिसाचा दर्जा जातो, त्यामुळे कोणी उपाहारगृहात रोखीने काम मिळवून देतो म्हणाले तरी तो विचार करू नये.

आणखी दोन नियम मुलीला पाठ असू द्या. प्रत्येक सत्रात किमान बारा क्रेडिटे घ्यावीच लागतात आणि त्या बारांत ऑनलाइन विषय एकच धरला जातो. कम्युनिटी कॉलेजांत नोकरी करणाऱ्या स्थानिकांच्या सोयीसाठी पुष्कळ विषय ऑनलाइन असतात, प्रत्यक्ष वर्गातील जागा लवकर भरतात आणि आपली मुले नकळत अडचणीत येतात. एखादा विषय जड जातो म्हणून सोडायचा असेल तर परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला आधी विचारावे, सोडल्यानंतर नव्हे.

द्राक्षवेल

आपणा दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री यजमान, मुलगी आणि मी वही घेऊन बसलो. डेव्हिसचा विचार आम्ही सोडला आहे. मुलीला वाईट वाटले, पण फ्रेस्नोच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम वाचून तिनेच सांगितले की, आपल्याला तर बेदाण्याचेच शिकायचे आहे. आता अडचण कर्जाची आहे. बाग तारण ठेवून बँक कर्ज देईल का?

हळदपेठ (सांगली)

ताई, मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत बत्तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आणि त्यातील बराच काळ कर्ज विभागात गेला, म्हणून अनुभवाने लिहितो. पीककर्जासाठी शेतजमीन तारण चालते, पण शैक्षणिक कर्जाला बँका ती सहसा स्वीकारत नाहीत, कारण थकबाकी वसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. साडेसात लाखांच्या पुढे बँका साधारणपणे तारण मागतात आणि तेव्हा घर, बिगरशेती भूखंड, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी उपयोगी पडते. आपले राहते घर कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे कागद स्वच्छ आहेत का, हे आधी पाहावे. वाटणीपत्र नोंदलेले नसल्यामुळे थांबलेली प्रकरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट, अर्ज करताना केवळ दोन वर्षांच्या असोसिएट पदवीसाठी कर्ज मागू नये. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते, म्हणून कागदावर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असेल तर मुलगी विद्यापीठात शिकत असतानाच हप्ते मागे लागतील. दोन अधिक दोन वर्षांचा संपूर्ण आराखडा, विषयांच्या करारांसह, शाखा व्यवस्थापकांपुढे ठेवावा आणि चारही वर्षांची मंजुरी लेखी मागावी. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (रक्कम पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) लागत नाही; स्वतःच्या बचतीतून पाठवाल तर एका आर्थिक वर्षात दहा लाखांच्या पुढे तो लागतो आणि नंतर विवरणपत्रात वळता करून घ्यावा लागतो.

राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्तीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची समाजकल्याण विभागाची योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पहिल्या पदवीसाठी नाही. म्हणूनच मी माझ्या पुतणीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून बी.एस्सी. कृषी करून पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा सल्ला दिला होता. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. घर तारण ठेवण्याआधी एमएचटी-सीईटीचा अर्ज भरून ठेवावा, असे मला वाटते.

अजिंक्यतारा

हळदपेठ यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. दोन्ही दारे उघडी ठेवावीत. फ्रेस्नोचे नक्की झाले तर एक तयारी मात्र करून घ्या. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीच्या वेळी मुलीला हमखास विचारतील की, विद्यापीठ सोडून कम्युनिटी कॉलेज का निवडले. ‘स्वस्त आहे म्हणून’ एवढेच उत्तर अपुरे पडते. तिने आपल्या बागेपासून सुरुवात करावी, रीडली किंवा फ्रेस्नो येथे कोणते विषय घेणार, ते कोणत्या करारानुसार विद्यापीठात मान्य होतात आणि परत आल्यावर तासगावात काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे. आपल्या मुलीजवळ या प्रश्नाचे खरे उत्तर आधीपासूनच आहे. ती ‘असिस्ट’ वरून फ्रेस्नोच्या द्राक्षशाखेची विषयसूची उतरवून घेईल तेव्हा येथे टाकावी. माझा मुलगा सुट्टीत घरी आला आहे, तो आणि मी मिळून ती तपासून देऊ.