मदत हवी आहे: तांबट आळीतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो काढायचेत, लेन्स कोणती घेऊ? आणि तुमची लाडकी लेन्स कोणती, का?

नमस्कार मंडळी,

इथे बरेच दिवस नुसती वाचते, लिहायला पहिल्यांदाच बसलेय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर पुण्यातल्या कसबा पेठेतलं. घरापासून दोन मिनिटांवर तांबट आळी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची. तिथल्या एका काकांच्या ठोक्यांच्या आवाजात आमचं लहानपण गेलं, म्हणजे सकाळी शाळेचं आवरताना ठकठक सुरू व्हायची आणि एखाद्या दिवशी नाही झाली तर आई विचारायची, आज बरं नाही का त्यांना. माझ्या बारशाला त्यांनी दिलेला तांब्याचा छोटा गडू अजून देवघरात आहे. तर या काकांचा उजवा खांदा धरलाय, डॉक्टरांनी हातोडी बंद करायला सांगितलीये, आणि दिवाळीची कामं उरकली की ते थांबणार आहेत. त्याआधी मला त्यांचं काम फोटोत धरून ठेवायचंय. स्पर्धेला वगैरे नाही, एक अल्बम त्यांच्या घरच्यांसाठी आणि एक माझ्यासाठी.

अडचण अशी की खोली जेमतेम आठ बाय दहाची, त्यातली अर्धी भांड्यांनी भरलेली, घंगाळं, हंडे, तपेली, एकावर एक रचलेली. उजेड म्हणजे गल्लीच्या बाजूची एक खिडकी आणि डोक्यावर एक ट्यूब. माझा कॅमेरा निकॉन डी ५६००, त्यावर सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स (एमएमचा आकडा मोठा तेवढं दृश्य जवळ आणि अरुंद). ती ३५ ला नेली की एफ ४.५ च्या खाली येत नाही (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० करावा लागतो, तेव्हा कुठे १/१२५ सेकंदाचं शटर मिळतं. फोटोत काकांच्या चेहऱ्यावर नुसती रवाळ आणि हातोडी तर दिसतच नाही, नुसता एक राखाडी फराटा. फ्लॅश एकदाच मारला. घासलेल्या तांब्यावर पांढरा डाग पडला आणि काकांनी डोळे गच्च मिटले, परत नाही मारला.

ऑफिसातल्या एकाने सांगितलं ५० ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घे, स्वस्त आणि मस्त. म्हणून एका दुकानात जाऊन ५० एफ १.८ मागितली, त्यांनी ५० एफ १.८ डी हातात ठेवली. कॅमेरा कोणता हे त्यांनी विचारलं नाही आणि सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. घरी आणून लावली तर स्क्रीनवर एफ ई ई अशी अक्षरं येतायत आणि शटर पडतच नाही!! दुकानदार परत घेत नाही म्हणतो, बिलावर तसं छापलंय. दोन दिवस झोप नीट लागलेली नाही, कारण हे पैसे मी थोडे थोडे बाजूला टाकले होते.

आता अजून दहा-बारा हजारांची सोय होईल, सेकंडहँड चालेल. या लेन्सचं काय करू, आणि दुसरी घ्यायची तर कोणती? आणि अजून एक मनापासून विचारते, तुमची सगळ्यात लाडकी लेन्स कोणती आणि का ते सांगा ना. रिव्ह्यू वाचून मला सगळ्याच चांगल्या वाटतात. घरातून निघताना तुमचा हात कोणत्या लेन्सवर जातो आणि तिने तुम्हाला काय दिलं, ते वाचलं की मला जास्त कळेल.

— प्रतिसाद —

ताई, लेन्स ठणठणीत आहे, आधी निवांत झोपा. लेन्सवर मागच्या बाजूला छिद्राची, म्हणजे उजेड आत येतो त्या भोकाची (अ‍ॅपर्चरची) रिंग आहे बघा, तिच्यावर शेवटचा आकडा २२ केशरी रंगात असेल. रिंग फिरवून २२ वर आणा आणि शेजारचं छोटं लॉक सरकवा. एफ ई ई गेलंच म्हणून समजा. छिद्र मग नेहमीसारखं कॅमेऱ्याच्या चाकानेच बदलायचं.

आता वाईट बातमी. डी प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, ती कॅमेऱ्याच्या आत असावी लागते. ७००० च्या मालिकेत आहे, डी ७२००, डी ७५०० वगैरे. ३००० आणि ५००० च्या मालिकेत नाही, त्यामुळे तुमच्याकडे ऑटोफोकस होणार नाही, फोकस हाताने करायचा. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डावीकडे हिरवा ठिपका असतो, फोकस जुळला की तो स्थिर होतो. उजेड मोजणारा मीटर व्यवस्थित चालेल. इथून पुढे निकॉनची घ्याल तेव्हा नावात एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे लेन्समध्येच मोटर) आहे ना तेवढं बघून घ्या.

— प्रतिसाद —

वरच्यांनी दुरुस्ती सांगितली, मी प्रेमाचं सांगतो. मी लग्नाचे फोटो काढायचो, रिळाच्या काळात, निकॉनचा एफएम २ कॅमेरा आणि ५० एमएम. सदाशिव पेठेतली कार्यालयं, मुंडावळ्या, अक्षता, सगळं त्या एका लेन्सने काढलंय. माझी ५० लाडकी का, तर तिने माणसाचं नाक मोठं केलं नाही की चेहरा चपटा केला नाही. सप्तपदीला बसलेल्या मुलीची आई मागे उभी असते ना, तिचा चेहरा मी ५० ने जसा पाहिला तसाच कागदावर उतरला. कार्टिए-ब्रेसाँसारख्या नामवंत फ्रेंच फोटोग्राफरने जवळजवळ सगळं आयुष्य ५० वर काढलं, उगाच नाही.

पण एक लक्षात घ्या, आमचा कॅमेरा ३५ एमएम फिल्मचा. तुमचा सेन्सर लहान, दीडपटीचा हिशोब. ५० लावली की ती ७५ सारखी दिसणार. आम्हाला ५० मध्ये जे मिळायचं ते तुमच्या कॅमेऱ्यावर ३५ मध्ये मिळेल. तुमची ५० विकू नका मात्र. पुढेमागे मोटरवाला कॅमेरा घेतलात तर ती सोन्यासारखी चालेल.

— प्रतिसाद —

निकॉनची ३५ एफ १.८ जी डीएक्स (डीएक्स म्हणजे तुमच्यासारख्या लहान सेन्सरसाठीची), डोळे झाकून. २००९ पासून आहे, दोनशे ग्रॅमची चिमुकली, आणि आत मोटर आहे. एफ ४.५ वरून १.८ वर आलात की सहापटीहून जास्त उजेड आत येतो, म्हणजे आज जिथे आयएसओ ६४०० लागतो तिथे १००० मध्ये भागेल. तुमची रवाळ तिथेच संपली.

का लाडकी ते सांगते. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या रात्री मी नाना पेठ, भवानी पेठेत फिरते. एका वर्षी एका शाळेच्या व्हरांड्यात एक आजी एका बल्बखाली पायाला तेल चोळत बसल्या होत्या, शेजारी त्यांची तुळस. मी ३५ घेऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, दुसरा इलाजच नव्हता कारण ही लेन्स लांबून काही देत नाही. त्या आधी माझ्याशी दहा मिनिटं बोलल्या, कुठली, लग्न झालंय का, मुलं किती, मग फोटो. त्या फोटोत त्या माझ्याकडे ओळखीच्या बाईकडे बघावं तशा बघतायत. झूमने तो फोटो मला मिळाला नसता.

दोष पण सांगते. पूर्ण उघडी ठेवली तर चकचकीत कडांवर जांभळी-हिरवी झाक येते. तांबं चकाकतं, तिथे नक्की दिसेल. एफ २.८ ला बरीच कमी होते.

— प्रतिसाद —

माझा जीव ८५ वर आहे, पण तुमच्या खोलीत ती कामाची नाही, पाठ भिंतीला लावूनसुद्धा नुसता कानच येईल. कवडीपाटला पहाटे पक्ष्यांसाठी जातो तेव्हा तर मला ३०० पण कमी पडते. म्हणून म्हणतो, आमच्या आवडीवर जाऊ नका, खोलीला विचारा. तुमच्या १८-५५ ची झूम रिंग ३५ वर ठेवून चिकटपट्टी लावा, अर्धा तास तशीच वापरा. मग ५० वर लावा, परत अर्धा तास. एक रुपया खर्च नाही आणि उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

— प्रतिसाद —

दागिन्यांचे फोटो हे माझं रोजचं काम, त्यामुळे मी मॅक्रोवाला, म्हणजे अगदी जवळून बारकावे टिपणाऱ्या लेन्सचा, टॅमरॉन ९० वर प्रेम. बारीक नक्षी, झाळ दिलेला सांधा, हे तिच्याशिवाय दिसत नाही. पण आधी ३५ च घ्या. ती ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, ठोक्यांच्या खुणांसाठी पुरे. आणि तुमच्या ५० चा एक हिशोब देतो, एक मीटरवर एफ १.८ ला फोकसमध्ये स्पष्ट येणारी जागा पुढेमागे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर. हलणाऱ्या हातावर तेवढ्यात हाताने फोकस धरणं अवघड. ३५ ला त्याच अंतरावर ती सहाच्या आसपास जाते.

अजून एक, रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप केलेली रंगांची जुळणी) तांब्याचा तांबूसपणा खाऊन टाकतो. खिडकीपाशी कोरा पांढरा कागद धरून बॅलन्स सेट करून घ्या.

— धागाकर्ती —

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच डोळ्यात पाणी आलं. रिंग २२ वर नेली, एफ ई ई गेलं!!

शनिवारी चिकटपट्टी घेऊन गेले. ५० ला दारात उभी राहिले, मागे पायरी, तरी काका कमरेपासून वर फक्त. मला हवं होतं त्यांचं बसणं, म्हणजे जमिनीत रोवलेला तो लोखंडी दांडा, त्यावर अडकवलेला हंडा, तो फिरवणारा डावा हात आणि मारणारा उजवा, सगळं एकत्र. साधारण सात फुटांवरून ५० मध्ये एक मीटर रुंदीचंच मावतं, ३५ मध्ये जवळजवळ दीड मीटर. तो अर्धा मीटर म्हणजे काकांचा डावा हात. घरी येऊन जुन्या फोटोंची माहिती उघडून बघितली तर चांगले वाटलेले बहुतेक फोटो २८ ते ३५ मधलेच निघाले, मला कधी लक्षातच आलं नव्हतं.

तर ३५ ठरली. आता हातोडीचं सांगा. शटर १/५०० केलं तर ती थांबते पण फोटो काळा, आणि काही फोटोंत आडवे पट्टे येतायत, एक पट्टा उजळ एक काळपट, हे काय आहे?

— प्रतिसाद —

पट्टे ट्यूबमुळे. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. दिवसा ट्यूब बंद करायला काका तयार असतील तर सगळ्यात उत्तम, खिडकीचा एकाच बाजूचा उजेड तांब्यावर फार सुंदर पडतो.

आणि हातोडीला शटरने पकडू नका. मी वर्षानुवर्षं विसर्जन मिरवणुकीत ढोल पथकांचे फोटो काढतोय, टिपरू (ढोल वाजवायची काठी) वर गेलं की क्षणभर थांबतं, मग खाली येतं. हातोडीचंही तेच. मठारकामात, म्हणजे भांडं हातोडीने ठोकून घडवताना, ठोके एका लयीत पडतात, डोळे मिटून पाच-सहा ठोके नुसते ऐका, मग दोन ठोक्यांच्या मध्ये बटण दाबा. १/१०० मध्येसुद्धा हातोडी स्वच्छ येईल. खाली आदळताना मात्र या शटरला फराटाच येणार.

— धागाकर्ती —

अपडेट द्यायला आले. ३५ जी सेकंडहँड मिळाली, कोथरूडमधल्याच एका मुलाकडून. घेताना मागून टॉर्च मारून बघितलं, बुरशीचं जाळं नाही, छिद्राच्या पात्यांवर तेल नाही. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते हे इथेच जुन्या धाग्यात वाचलं होतं, म्हणून सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलीये.

काल गेले. काकांनी ट्यूब स्वतःच बंद केली, म्हणाले मला या कामाला उजेड लागतच नाही, हाताला कळतं. मी आधी पाचेक मिनिटं नुसती ऐकत बसले, आणि लहानपणीची ती ठकठक इतकी सरळ मापात आहे हे मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. मग दोन ठोक्यांच्या मध्ये बटण. एफ २.८, १/१००, आयएसओ २०००. तिसऱ्याच फोटोत हातोडी खांद्याच्या वर थांबलेली, तिच्यावरचा घासून गुळगुळीत झालेला चट्टासुद्धा दिसतोय. आणि हंड्यावर ठोक्यांच्या ज्या ओळी असतात ना, त्यातल्या प्रत्येक खळग्यात ती गल्लीकडची खिडकी उमटलीये, एवढी एवढीशी, शेकडो खिडक्या. हे मला तिथे बसून दिसलं नव्हतं, घरी मोठा करून बघताना दिसलं.

काकांना कॅमेऱ्यावर दाखवला. त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही, चष्मा वर करून हंड्याच्या ओळी मोजत राहिले आणि म्हणाले, ही तिसरी ओळ जरा वाकडी गेलीये, उद्या ये, दुसरा हंडा घेतो, त्याचा काढ.

म्हणून आज परत जातेय. आता एवढं सांगा, अल्बमसाठी कागद मॅट घेऊ की ग्लॉसी? ग्लॉसीवर तांबं उठून दिसेल असं वाटतंय, पण काकांच्या घरातही एकच ट्यूब आहे, तिची तिरीप पडून त्यांना नीट दिसेल ना?