नाताळच्या तोंडावर मंजूर झालेला अण्वस्त्र करार : घाई की चर्चा?

टिळकवाडीकर : काल इथं कुणीतरी लिहिलं, अमेरिकी सिनेटनं 2010 साली न्यू स्टार्ट, म्हणजे रशियाबरोबरचा अण्वस्त्रं कमी करण्याचा करार, नाताळच्या गडबडीत उरकला. साफ चूक. एप्रिलमध्ये प्रागला सह्या, सप्टेंबरात परराष्ट्र समितीत 14 विरुद्ध 4, मग भर डिसेंबरात सभागृहात आठवडाभर वाद. करसवलती, समलिंगी सैनिकांचा कायदा, सरकारी खर्च, सगळं त्याच पंधरवड्यात. तरी 22 डिसेंबरला 71 विरुद्ध 26. दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणून विरोधी रिपब्लिकनांना पटवावं लागलं, 13 जण आले. आपल्याकडं असे करार मंत्रिमंडळच मंजूर करतं, संसदेचं मत लागत नाही.

निपाणीकर : ते मीच लिहिलं होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हरलेले सिनेटरही त्यात मत देत होते, नवे जानेवारीत यायचे. 1,550 तैनात अण्वस्त्रांची मर्यादा ठरवायची ती जाणाऱ्यांनी?

टिळकवाडीकर : जुना करार डिसेंबर 2009 मध्येच संपलेला. वर्षभर रशियाच्या तळांवर तपासणीला माणूस जात नव्हता. आणखी किती थांबायचं?

हलग्याचा शेतकरी : आठवडा मिळाला म्हणून कौतुक करताय. सुवर्णसौध, बेळगावचं विधानभवन, आमच्या शिवाराला लागून. डिसेंबरात दहा दिवस अधिवेशन, त्यात सगळ्या उत्तर कर्नाटकाचे प्रश्न. गेल्या खेपेला तोडलेला ऊस बांधावर वाळत होता, गाडी येईना. निवेदन घेऊन पहाटेपासून तंबूत बसलो. दुपारी साहेब आले, कागद घेतला, न वाचता मागच्या माणसाकडं दिला. घडीसुद्धा उलगडली नाही.

खानापूरकर : तुमचा कागद घेतला तरी. आम्हाला मराठीत उतारा मागितला की कन्नडमध्येच मिळतो. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारतात. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात. आमच्यावर कोण आठवडाभर बोलतंय?

टिळकवाडीकर : विषय अण्वस्त्रांचा आहे हो! प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणलाच पाहिजे का?

खानापूरकर : आणणार. माझ्या आजोबांनी त्यासाठी तुरुंग बघितलाय. टिळकवाडीत बसून विषय ठरवू नका.

निपाणीकर : भांडू नका. 13 जणांचं मानतो, तेवढी मतं मिळवायला बोलावंच लागलं असणार. पण हरलेल्यांनी मत द्यावं हे मला आजही पटत नाही.

टिळकवाडीकर : ते मलाही फारसं रुचत नाही. खानापूरकर, आजोबांचं माहीत नव्हतं, चुकलं माझं. दादा, उसाचं पुढं काय झालं?

हलग्याचा शेतकरी : सतराव्या दिवशी गाडी आली. काट्यावर वजन घटलेलं. निवेदनाची पोच अजून पाकिटात आहे.